पोटातला मोंढा

दोस्तांनो, उजव्या हाताचा तळवा उजवीकडच्या खालच्या बरगड्यांवर ठेवा आणि एक खोल श्वास घ्या बरं. आत्ता तुमच्या तळव्याखाली, बरगड्यांच्या आड, एक मोठा, मऊ, गडद तांबूस अवयव श्वासाबरोबर जरासा खाली सरकला. तुम्हाला कळलंही नाही ना? तेच तुमचं यकृत, म्हणजे लिव्हर. मोठ्या माणसाचं यकृत जवळजवळ दीड किलो भरतं. शरीराच्या आत याच्याएवढा मोठा दुसरा अवयव नाही.

या यकृताला एक दुखणं जडतं. हल्ली ते इतकं वाढलंय की तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, कुणाच्या तरी सोनोग्राफीच्या कागदावर त्याचं नाव नक्की सापडेल: फॅटी लिव्हर. यकृतात चरबी साठणं. त्यावरचं पहिलं औषध मेडिकलमध्ये मिळत नाही. ते तुमच्या मांड्यांत, पोटऱ्यांत आणि दंडांत आहे. खोटं वाटतंय? मग चला माझ्याबरोबर.

आवक आणि उठाव

जालना जिल्ह्यातल्या मुलांना मोंढा म्हणजे काय हे सांगायला नको. सोयाबीन निघालं, तूर निघाली की गावोगावच्या गाड्या जालन्याच्या मोंढ्यात येऊन उभ्या राहतात. माल उतरतो, काट्यावर चढतो, लिलाव होतो. हमाल पाठीवर पोती वाहतात. काही माल लगेच दुसऱ्या गाडीत चढून रवाना होतो, काही गोदामात जातो. आवक आणि उठाव बरोबरीनं चालले की मोंढा झकास चालतो. पण आवक रोजची सुरू आणि मालाला उठावच नाही, असं झालं तर? थप्पीवर थप्पी लागते. गोदाम भरतं, मग ओटा भरतो, मग येण्याजाण्याची वाटही भरते. शेवटी हमालाला पाय ठेवायला जागा राहत नाही.

यकृत हा आपल्या पोटातला मोंढाच आहे. तुम्ही भाकरी खाल्ली, वरण-भात खाल्ला, लाडू खाल्ला. आतड्यांत त्याचं पचन झालं की त्यातली साखर आणि बरंच काही एका जाड रक्तवाहिनीतून थेट यकृतात येतं. मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त यकृतातून वाहतं आणि त्यातला पाऊण भाग या एकाच वाटेनं येतो. एवढी मोठी आवक!

आलेल्या मालाची यकृत वाटणी करतं. लगेच लागणारी साखर ते रक्तात पुढे जाऊ देतं. थोडी साखर ग्लायकोजेन नावाच्या रूपात स्वतःजवळ ठेवतं, साधारण १०० ग्रॅम. रात्री तुम्ही झोपता, तेव्हा पोटात काही येत नसतं; पण मेंदू चालू असतो, हृदय चालू असतं. मग यकृत तो साठा थोडा थोडा सोडत राहतं. सकाळी उठल्यावर चक्कर न येता तुम्ही दप्तर भरू शकता, ते या रात्रपाळीमुळे.

पण १०० ग्रॅमची जागा भरल्यावरही साखर येतच राहिली तर? यकृत तिची चरबी करतं. एरवी ही चरबी बांधून ते रक्तात पाठवून देतं. पाठवणी कमी आणि आवक जास्त झाली की चरबी यकृतातच साठू लागते. शंभरातल्या पाचांपेक्षा जास्त पेशींत चरबी दिसू लागली की डॉक्टर त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

ही चरबी येते कुठून?

सांगा पाहू! भज्यांतून? वड्यांतून? बहुतेक जण हेच उत्तर देतात. २००५ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी फॅटी लिव्हर असलेल्या लोकांच्या यकृतातली चरबी कुठून आली याचा माग काढला. नुकत्याच खाल्लेल्या तुपा-तेलातून आलेली चरबी निघाली अवघी १५ टक्के. २६ टक्के चरबी यकृतानं स्वतः तयार केली होती, मुख्यतः साखरेपासून. आणि उरलेली सुमारे ५९ टक्के? ती शरीरात आधीपासून साठलेल्या चरबीतून सुटून, रक्तातून वाहत यकृतात आली होती!

म्हणजे नुसतं तेल कमी करून भागत नाही. गोड पेयांवर लक्ष ठेवायला हवं आणि शरीरातला जुना साठाही वापरात यायला हवा. तो वापरतं कोण, ते पुढे बघू. आधी यकृताच्या आत डोकावू.

सूक्ष्मदर्शकाखाली

यकृताचा अगदी पातळ तुकडा काचपट्टीवर घेऊन, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर निरोगी यकृतातल्या पेशी गुलाबी दिसतात. त्या एकमेकींना लागून ओळीनं मांडलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या मधोमध जांभळं गोल केंद्रक असतं. फॅटी लिव्हरची काचपट्टी पाहिली की दचकायला होतं. गुलाबी रंगात जागोजागी पांढरी गोल भोकं! ती भोकं म्हणजे चरबीच्या थेंबांच्या जागा. काचपट्टी तयार करताना वापरलेल्या रसायनांत चरबी विरघळून जाते आणि रिकामी जागा मागे राहते. काही थेंब इतके मोठे असतात की त्यांनी पेशीचं केंद्रक ढकलत ढकलत पार कडेला नेलेलं असतं.

एवढं होऊनही यकृत दुखत नाही. त्याच्या आतल्या भागात वेदना कळवणाऱ्या नसा नसतात. त्या असतात फक्त वरच्या आवरणात. म्हणूनच बहुतेकांना हा आजार दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत कळतो. पडद्यावर यकृत शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा जास्त उजळ दिसतं आणि डॉक्टर म्हणतात, "लिव्हरवर चरबी दिसते."

घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही करायचं नाही. बऱ्याच जणांचा आजार या पायरीवरच थांबतो. काहींच्या यकृताला मात्र सूज येते, सुजेतून व्रण पडतात आणि वर्षानुवर्षं व्रण पडत राहिले तर यकृत कडक होऊन बसतं. पहिल्या पायऱ्यांवरून माघारी येता येतं. शेवटच्या पायरीवरून परतणं फार अवघड.

"आमच्याकडे तर कुणी दारू पीत नाही!"

लिव्हर बिघडलं म्हणजे माणूस दारू पीत असणार, असं पुष्कळांना वाटतं. पूर्वी डॉक्टरांनाही तसंच वाटे. मग १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. लुडविग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० रुग्णांची माहिती छापली. त्यांची यकृतं दारू पिणाऱ्यांच्या यकृतांसारखीच दिसत होती, पण दारूचा दोष त्यांच्याकडे नव्हता. तीनच वर्षांनी, १९८३ मध्ये, मुलांमध्येही हा आजार दिसल्याची नोंद झाली. तेव्हा घरात कुणाला फॅटी लिव्हर निघालं तर त्यांच्याकडे संशयानं बघू नका.

आणि एक. कुणाला जाड म्हणून चिडवूही नका. का ते सांगते दोन डॉक्टरांची गोष्ट.

सारखेच, तरी वेगळे

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आपला दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानानं वजन किती हे सांगणारा एक आकडा असतो, बीएमआय. दोघांचा तो आकडा अगदी एकच होता: २२.३. दोघंही दिसायला सडपातळ. मग दोघांच्या शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त!

असं का? युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिकांनी आपल्याबद्दल मोकळेपणानं लिहिलं की रुग्णालयातल्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती पळत गाठणं, हाच त्यांचा मुख्य व्यायाम. पण कारण तेवढंच नसावं. याज्ञिकांचं जन्माच्या वेळचं वजन कमी होतं. पुण्याजवळच्या खेड्यांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं, की आपल्याकडची बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं पुष्कळ हलकी असतात, त्यांचे स्नायू कमी असतात, पण चरबी त्या मानानं राखलेली असते.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांमध्येही असंच काहीसं आढळलं. २०१० साली छापलेल्या त्या अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्या दर चार जणांपैकी तिघांचा बीएमआय २५ पेक्षा कमीच होता. म्हणजे किडकिडीत माणूसही सुटत नाही आणि खेड्यातला माणूसही सुटत नाही. अंगात चरबी किती आहे यासोबत स्नायू किती आहेत आणि ते काम किती करतात, हेही बघावं लागतं.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक

आता आपल्या मोंढ्यात परत या. साखरेला आणि चरबीला उठाव कोण देतं? स्नायू! त्यातही मांडीचे आणि नितंबांचे मोठे स्नायू.

तुम्ही जेवता तेव्हा स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं. इन्शुलिनचा इशारा मिळाला की स्नायू रक्तातली साखर आत घेतात. पण जो माणूस दिवसदिवस बसून असतो, त्याचे स्नायू हा इशारा नीट ऐकेनासे होतात. खरेदी मंदावते, माल परत यकृताकडे वळतो आणि यकृत त्याची चरबी करत बसतं.

आता नवल ऐका. स्नायू आकुंचन पावतो, म्हणजे तुम्ही धावता, उड्या मारता, उठाबशा काढता, तेव्हा इन्शुलिनच्या इशाऱ्याची वाटही न पाहता तो साखर आत ओढू लागतो. पेशीच्या आत दडून असलेले साखरेचे वाहक रेणू पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. शिवाय खेळ संपल्यावरही पुढचा एखादा दिवस स्नायू इन्शुलिनचं जास्त चांगलं ऐकतात. म्हणून व्यायाम महिन्यातून एकदा भरपूर करण्यापेक्षा रोज केलेला बरा.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठात २०११ साली याचा सुंदर प्रयोग झाला. तरुण, सडपातळ, पण ज्यांचे स्नायू इन्शुलिनचं नीट ऐकत नव्हते अशा लोकांना फक्त एकदा ४५ मिनिटं व्यायाम करायला लावला. मग भरपूर साखर असलेलं जेवण दिलं. व्यायामानंतर स्नायूंनी तिपटीहून जास्त साखर साठवली आणि यकृतातलं नवी चरबी बनवण्याचं काम जवळपास ३० टक्क्यांनी उतरलं. एकाच वेळच्या व्यायामाची ही कमाल!

वजनकाट्याला न दिसणारा फायदा

"महिनाभर चालतोय, वजन काही उतरेना," असं म्हणून तुमच्या बाबांनी किंवा मामांनी चालणं सोडलंय का? त्यांना सिडनीची ही गोष्ट वाचून दाखवा. तिथे २००९ साली, वजन जास्त असलेल्या आणि एरवी व्यायाम न करणाऱ्या लोकांनी चार आठवडे जागेवरची सायकल चालवली, आठवड्यातून तीनदा. वजन घटलं नाही. पण खास तपासणी करून यकृतातली चरबी मोजली तेव्हा ती २१ टक्क्यांनी कमी झाली होती!

२०११ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये काही जणांनी आठ आठवडे ताकदीचे व्यायाम केले. त्यांचंही वजन तसंच राहिलं आणि यकृतातली चरबी १३ टक्क्यांनी उतरली. म्हणजे धावणंच हवं असंही नाही, दंड-बैठकाही चालतील. २०२३ साली अमेरिकेत अशा १४ अभ्यासांतल्या ५५१ लोकांची माहिती एकत्र केली गेली. यकृतातली चरबी निदान ३० टक्क्यांनी कमी होण्याची शक्यता व्यायाम करणाऱ्यांत साडेतीन पटींनी जास्त निघाली. त्यासाठी आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याएवढा व्यायाम पुरे होता.

वजन जास्त असेल आणि तेही उतरलं तर दुधात साखर. वजन सात ते दहा टक्क्यांनी कमी झालं तर यकृताची सूजही ओसरू लागते. २०२४ साली अमेरिकेत या आजारावरच्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली. ते आहे मोठ्या माणसांसाठी, व्रण पडलेल्या यकृतासाठी आणि तेही आहार-व्यायामाच्या जोडीनं घ्यायचं. लहान मुलांसाठी पहिला उपाय आजही एकच: नीट खाणं आणि भरपूर खेळणं.

जांबच्या वाटेवर

घनसावंगी तालुक्यात जांब नावाचं गाव आहे. १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म तिथे झाला. समर्थांनी गावोगाव मारुतीची स्थापना केली आणि तरुणांना शरीर कमावायला सांगितलं. ते स्वतः रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, असं परंपरा सांगते. तुम्ही एवढे घालायला जाऊ नका! बारा नमस्कारांनी सुरुवात करा. एका सूर्यनमस्कारात दंड, पाठ, पोट, मांड्या, पोटऱ्या सगळ्यांना काम मिळतं.

खो-खो तर आपल्या घरचा. त्याचे नियम पहिल्यांदा पुण्यात, १९१४ साली डेक्कन जिमखान्यावर बसवले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या महिलांनी आणि पुरुषांनी, दोन्ही संघांनी तो जिंकला. खो-खोत नीट बघा: उकिडवं बसलेला गडी 'खो' मिळताच झटक्यात उठतो आणि सुसाट सुटतो. हे उठणं म्हणजे मांडीच्या मोठ्या स्नायूंचंच काम. यकृताला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठून मिळणार? लंगडी, कबड्डी, लेझीम, दोरीवरच्या उड्या, सायकलवरून शाळा, विहिरीत पोहणं, सगळं चालेल. पोहताना मात्र मोठं माणूस सोबत हवंच.

किती खेळायचं? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल करावी. मोठ्यांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं. हालचाल पुरेशी जोरात आहे का हे ओळखायची युक्ती सोपी आहे: चालताना बोलता यायला हवं, पण गाणं म्हणता यायला नको. गाणं जमतंय? मग वेग वाढवा! आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा खेळ सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, आणि पाणी पिऊन.

मोसंबी खायची की प्यायची?

जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि बदनापूरला मोसंबीचं संशोधन केंद्र आहे. म्हणून हा प्रश्न तुमच्या खास जवळचा. मोसंबी सोलून, फोडी करून खाल्ली की तंतू पोटात जातात, चावायला वेळ लागतो आणि एका फळात पोट भरल्यासारखं होतं. चार मोसंब्यांचा रस काढून वर साखर घातली तर तो पेला दोन घोटांत संपतो आणि सगळी साखर एकदमच यकृताच्या दारात येते. फळातली आणि साखरेतली फ्रुक्टोज नावाची साखर तर बहुतांशी यकृतालाच हाताळावी लागते. बाटलीतल्या थंड पेयांचंही तेच. तेव्हा मोसंबी जरूर खा, फोडी करून खा.

करून पाहा: सुतळीचा प्रयोग

लागणारं सामान: एक लांब सुतळी आणि एक कात्री.

१. तुमच्या उंचीएवढी सुतळी कापा. डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायला कुणाची तरी मदत घ्या.

२. सुतळीची बरोबर मधोमध घडी घाला.

३. ही दुमडलेली सुतळी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती गुंडाळा. श्वास रोखू नका, पोट आत ओढू नका!

टोकं एकमेकांना टेकली तर छान. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा सोपा नियम मुलांना आणि मोठ्यांना सारखाच लागू पडतो. टोकं टेकली नाहीत तर पोटात चरबी जास्त असण्याची शक्यता आहे, एवढंच समजायचं. हा आजार ओळखण्याचा प्रयोग नाही. ते काम डॉक्टरांचं. घरातल्या प्रत्येकासाठी वेगळी सुतळी कापा आणि कुणाचाही निकाल चारचौघांत सांगू नका.

गावातल्या आशाताई तिशीपुढच्या माणसांची माहिती भरताना कमरेला टेप लावतात, तेही याचसाठी. बायकांचा घेर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या पुढे गेला की त्या जास्त लक्ष देतात. केंद्र सरकारनं २०२१ साली असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरही घेतलंय. तेव्हा आशाताई घरी आल्या की आजी-आजोबांना "नको, नको" म्हणू देऊ नका.

आणि आता तुमचं काम

वहीच्या एका पानावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहा आणि पुढे सोमवार ते रविवार असे सात रकाने आखा. ज्यानं त्या दिवशी दमवणारी हालचाल केली, त्याच्या रकान्यात मिनिटं लिहा. रविवारी रात्री बेरीज करा. तुमची बेरीज ४२० च्या जवळ आणि मोठ्यांची १५० च्या पुढे जायला हवी. कुणाला हृदयाचा त्रास असेल, किंवा साखरेसाठी गोळ्या वा इन्शुलिन चालू असेल, तर त्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं. गुडघे दुखणाऱ्या आजीनं खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचे व्यायाम केले तरी तिच्या मांडीचे स्नायू कामाला लागतात. तिचीही मिनिटं धरा.

मोठी माणसं एकटी फिरायला जायचा कंटाळा करतात. पण नातवानं किंवा लेकीनं हात धरून ओढलं की त्यांना नाही म्हणता येत नाही. डॉक्टर चिठ्ठीवर "रोज चालणे" असं लिहून देतील, पण त्यांना रोज घराबाहेर काढणं तुमच्याच हातात आहे. संध्याकाळ झाली की चपला त्यांच्या पुढ्यात ठेवा आणि म्हणा, "चला, आज कोणाचा रकाना आधी भरतो ते बघू!"